असंतोष कोणाचा, संतोष कोणाला? : 'गीतारहस्या'तील एका प्रकरणाचे वाचन

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यांतले बरेचसे एकाच वळणाचे होते. कुणी नोकरीतल्या बढतीविषयी विचारले, कुणी मुलाच्या स्पर्धा परीक्षेविषयी. एका ताईंनी तर सरळच विचारले, "सर, महत्त्वाकांक्षा आणि समाधान यांचा समतोल कसा साधायचा, एवढं एकदा सांगून टाका." सांगून टाकण्यासारखे ते असते तर आमच्या विषयाची माणसे अडीच हजार वर्षे भांडत बसली नसती. पण प्रश्न खरा आहे, आणि ज्यांच्या घरात तो आहे त्यांची झोप उडवणारा आहे. म्हणून आज आपण एक जुने मराठी प्रकरण हातात घेणार आहोत. लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'तले पाचवे प्रकरण, 'सुखदुःखविवेक'. या ग्रंथाची पूजा पुष्कळ झाली, वाचन त्या मानाने कमी झाले. आम्हाला आज तो वाचायचा आहे आणि त्याच्याशी थोडे भांडायचेही आहे.

ग्रंथ कुठे लिहिला गेला ते आपल्याला ठाऊक आहे. 1908 साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, टिळकांना मंडालेला नेले. तिथे 1910-11च्या हिवाळ्यात, काही महिन्यांत, पेन्सिलीने हा एवढा मोठा ग्रंथ लिहून झाला. 1914 साली ते सुटले आणि 1915 साली पुस्तक छापून बाहेर आले. म्हणजे बघा, सार्वजनिक जीवनातल्या माणसाला जे जे हवे असते ते सगळे काढून घेतलेले आहे. सभा नाही, वर्तमानपत्र नाही, सहकारी नाहीत, तब्येत मधुमेहाने पोखरलेली. अशा जागी बसलेला माणूस 'असू द्या, आहे त्यात समाधान मानू' असे म्हणाला असता तर कुणी नावे ठेवली नसती. टिळक नेमके उलटे म्हणतात. असंतोष हे वैभवाचे मूळ आहे, तो मुळासकट उपटून टाकायची गरज नाही, असे ते या प्रकरणात सांगतात. या प्रकरणाचे मोल आधी इथे मान्य केले पाहिजे, मग भांडण.

टिळकांसमोर दोन पक्ष उभे आहेत. एक पक्ष म्हणतो की इच्छा हेच दुःखाचे बी, ते जाळून टाका. संन्यासमार्गी, बौद्ध आणि युरोपातला शोपेनहौअर यांना ते एका बाजूला बसवतात. शोपेनहौअरचा अपूर्णांक ते मोठ्या आवडीने मांडतात. अंशस्थानी मिळालेले सुख, छेदस्थानी सुखाची इच्छा. वरचा आकडा वाढला की खालचा त्याहून वेगाने वाढतो, त्यामुळे अपूर्णांक कधी पूर्ण होत नाही. टिळक गणिताचे प्राध्यापक राहिलेले. त्यांचा आक्षेपही गणितातल्या माणसाला शोभेल असाच आहे. या अपूर्णांकावरून इच्छेच्या मानाने सुख किती एवढेच कळते, एकंदर सुख किती आणि दुःख किती हे त्यातून निघत नाही. आम्हाला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो. आज समतोलाची जी पुस्तके विमानतळावर आणि रेल्वे स्टेशनवर मिळतात, त्यांतली बहुतेक हाच अपूर्णांक सोडवत असतात. छेद लहान करा, म्हणजे किंमत वाढेल! अपेक्षा कमी ठेवा, म्हणजे सुखी व्हाल. पण छेद शून्यापाशी नेला तर काय होते, ते शाळेतल्या मुलालाही विचारा.

याच ओघात ती स्पेनच्या मूर राजाची गोष्ट येते. तिसरा अब्दुल रहमान, कॉर्दोबाचा खलिफा. सन 912 पासून 961 पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे त्याने राज्य केले, शत्रू नमवले, शहराबाहेर एक झळझळीत राजनगरी उभारली. त्याने आपल्या दिवसांची नोंद ठेवली होती आणि शेवटी हिशेब केला तेव्हा निर्भेळ सुखाचे दिवस भरले अवघे चौदा. गिबननेही ही कथा सांगितली आहे. कथा म्हणूनच ती घ्यावी. व्याख्यानांत मात्र तिचा फार दुरुपयोग होतो. 'बघा, एवढे मिळवून काय मिळाले' असे म्हणायला ती वापरतात. आम्हाला त्यात दुसरेच काही दिसते. हा मनुष्य सुख दिवसांनी मोजतो आहे. आंबे मोजावेत तसे दिवस मोजतो आहे. ज्याने कालवे काढले, ग्रंथ जमवले, त्याला ते करतानाचे सुख दिवसाच्या पेटीत घालता आले असते का? आम्ही मुलांना कांट शिकवायचो. एखाद्या तासाला वर्गातल्या चार चेहऱ्यांवर एकदम उजेड पडायचा. तो दिवस सुखाचा होता का? त्याच दिवशी दुपारी विभागाच्या मीटिंगमध्ये डोके उठलेले असायचे. म्हणजे तो दिवस निर्भेळ धरायचा नाही. असा हिशेब केला तर आमचेही चौदाच्या पुढे जायचे नाहीत. पण हिशेबाची पद्धतच चुकीची असेल तर उत्तराला रडण्यात काय अर्थ?

असो. आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. असंतोष वैभवाचे मूळ आहे, या म्हणण्याला टिळक महाभारतातून आधार देतात. आधार पक्के आहेत, स्थळनिर्देशासह आहेत. पण आमच्या मते टिळक एका गोष्टीपाशी थांबत नाहीत, आणि तिथे थांबले असते तर प्रकरण निराळे झाले असते. ही वचने कुणाच्या तोंडी आहेत?

एक वचन आहे विदुलेचे. विदुलेचा मुलगा संजय सिंधुराजाकडून हरून आला आहे आणि अंथरुणात तोंड खुपसून पडला आहे. आई त्याला उठवते. तिचे बोलणे इतके कडक आहे की आजचे समुपदेशक तिला खोलीबाहेर काढतील. समाधान मानून पडून राहशील तर होते तेही जाईल, असा तिचा सूर आहे. आणि ही गोष्ट महाभारतात कोण कुणाला सांगते? कुंती कृष्णाबरोबर निरोप पाठवते, आपल्या मुलांसाठी. युद्ध दाराशी आले आहे आणि धर्मराज पाच गावांवरही समाधान मानायला तयार झाला आहे. ते समाधान आईला पटलेले नाही.

दुसरे वचन शांतिपर्वात व्यासांचे. युद्ध जिंकून बसलेला युधिष्ठिर आता राज्य नको म्हणतो आहे, अरण्यात जातो म्हणतो आहे. त्याला व्यास क्षत्रियाची कर्तव्ये सांगतात, आणि त्या यादीत वैभवाविषयीचा असंतोषही घालतात.

तिसरे वचन सभापर्वातले, सर्वांत ठसठशीत. तेच पुढे सुभाषितासारखे लोकांच्या तोंडी गेले. आणि ते बोलतो दुर्योधन.

हे प्रसंग एकदा नीट आठवा. राजसूय यज्ञ आटोपून दुर्योधन हस्तिनापुरास परत आला आहे. मयसभेत पाण्यात पडला, लोक हसले, ते सलते आहे. त्याहून सलते आहे ते देशोदेशीच्या राजांनी आणलेल्या करभाराचे ढीग. शकुनी धृतराष्ट्राला जाऊन सांगतो की पोराकडे लक्ष द्या, रंग उतरला आहे, वाळत चालला आहे. बाप विचारतो, बाबा रे, तुला कमी काय आहे? खायला उत्तम, ल्यायला उत्तम, मग कृश का होतोस? त्यावर मुलगा म्हणतो की खाण्यालेण्यावर समाधान मानतो तो हलका पुरुष. आणि पुढे हे असंतोषाचे समर्थन येते, द्यूताच्या आधी.

बघा कसं आहे. वाक्य जवळपास तेच, विदुलेचे आणि दुर्योधनाचे. एकीकडे पडलेला मुलगा उठतो. दुसरीकडे धडधाकट मुलगा वाळतो, आणि पुढे सगळे कूळ घेऊन जातो. मग असंतोष चांगला की वाईट, किती असावा, चिमूटभर की मूठभर, या प्रश्नाला काही अर्थ उरतो का? तराजूत घालून वजन करण्याचा हा पदार्थच नव्हे. संजयाच्या असंतोषाचे माप त्याच्या स्वतःच्या कामात आहे. राज्य राखणे त्याचे काम होते, ते त्याने टाकले. दुर्योधनाच्या असंतोषाचे माप युधिष्ठिराच्या कोठारात आहे. ते कोठार भरत राहील तोवर याचे पोट रिकामे. पांडवांना वनात पाठवून तरी तो शांत झाला का? घोषयात्रेचे निमित्त काढून त्यांची दुर्दशा पाहायला गेला. सगळे मिळाल्यावरही त्याला दुसऱ्याचे नसणे डोळ्यांनी पाहायचे होते.

टिळकांना हा भेद दिसला नसेल असे आम्ही म्हणणार नाही. वाईट असंतोष आणि चांगला असंतोष असे ते वेगळे करतातच. अतिलोभाचा निषेधही करतात. पण त्यांचा उपाय एकच आहे, फलाशा सोडा. कर्म उत्साहाने करा, फळाचा हट्ट सोडा. हा उपाय मोठा आहे, यात शंका नाही. मात्र तो उपाय मनाच्या आत चालतो. माप कुणी ठरवले, हे तो विचारत नाही.

पुण्यात सदाशिव पेठेत, शास्त्री रस्त्याच्या बाजूला अभ्यासिकांच्या रांगा आहेत. तिथे सकाळी सहाला जागा धरून बसणारी मुले परभणीची, बीडची, गडचिरोलीची असतात. घरून येणारे पैसे बापाने कुठून काढले हे प्रत्येकाला माहीत असते. त्यातला एखादा प्रिलिम काढतो, मेन्सला अडकतो, चौथा अटेम्प्ट देतो. त्याला आपण म्हणायचे, फलाशा सोड? तो म्हणेल, काका, पोस्ट हेच तर फळ, दुसऱ्या कशासाठी मी इथे बसलोय? त्याचे चुकत नाही. टिळकांच्या वतीने त्याला उत्तर देता येते. हेतू सोडायला गीता सांगत नाही, फळ माझ्याच हातात आहे हा समज सोडायला सांगते. अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे दिली आहेत, कर्ता त्यांतला फक्त एक. पेपर किती चांगला सोडवला हे तुझे. कट-ऑफ कितीवर थांबेल हे तुझे नव्हे, कारण ते इतरांच्या गुणांवर आणि जागांच्या संख्येवर ठरते. इथवर टिळक कामाला येतात, आणि चांगले येतात. ज्या मुलाला हे कळते तो निकालाच्या रात्री निदान स्वतःला नालायक म्हणत नाही. आम्हाला विचाराल तर ही लहान गोष्ट नाही, यावर जीव वाचतात.

पण पुढचा प्रश्न टिळकांच्या प्रकरणात नाही. लाखो अर्ज आणि शेकड्यांत जागा, अशी व्यवस्था लावून सगळ्यांना एकाच कट-ऑफने मोजायचे, आणि मग जो उरला त्याला समाधानाचे धडे द्यायचे, हे कुणाच्या सोयीचे? आम्हाला एकदा एका कंपनीने बोलावले होते. विषय दिला, 'गीता आणि स्ट्रेस मॅनेजमेंट'. आम्ही बोललो, टाळ्या झाल्या, नारळ-शाल झाली. चहाच्या वेळी एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, छान झालं, पण उद्या सकाळी नऊला या क्वार्टरचे टार्गेट वाढवायची मीटिंग आहे." त्या दिवसापासून अशा व्याख्यानांना आम्ही जात नाही. टार्गेट त्यांनी ठरवायचे आणि संतोष तिने पाळायचा!

संतोषाचा उपदेश बहुतेक वेळा वरून खाली येतो. मालक गड्याला सांगतो, सासू सुनेला सांगते, पोटभर जेवलेला उपाशी माणसाला सांगतो. आणि इथे टिळकांच्या प्रकरणातली एक जागा आम्हाला खटकते. संतोष हा ब्राह्मणाचा गुण म्हटला आहे, त्याचा अर्थ लावताना ते म्हणतात की तो धनाबाबत. मिळाले तेवढे ज्ञान पुरे असे ब्राह्मण म्हणू लागला तर त्याचा घातच होईल. आणि वैश्य किंवा शूद्र आपापल्या धर्माप्रमाणे जे मिळाले त्यातच सदा समाधान मानून राहिला तर त्याचीही तीच गत. पहिल्या वाचनात हे उदार वाटते, असंतोष सर्वांना वाटून दिला आहे. दुसऱ्यांदा वाचले की 'आपापल्या धर्माप्रमाणे' हे शब्द टोचतात. प्रत्येकाने असंतुष्ट असावे, पण आपापल्या कुंपणात. शूद्राने ज्ञानाबाबत असंतुष्ट व्हावे की नाही? कुंपणाबाबतच असंतुष्ट व्हावे की नाही? कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 साली निम्म्या जागा राखून ठेवल्या, म्हणजे हा प्रश्न तेव्हा हवेत नव्हता असे म्हणता येत नाही. दाराशी उभा होता.

म्हणून या प्रकरणाशेजारी आम्ही दुसरे एक पुस्तक ठेवतो. दोन्ही एका कपाटात शेजारी ठेवलेली सहसा दिसत नाहीत, आमच्याकडे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. त्यात तृष्णा सोडणे म्हणजे धम्म, असे एक छोटे प्रकरण आहे, चार-पाच मिनिटांत वाचून होईल एवढे. धम्मपदात संतोषाला श्रेष्ठ धन म्हटले आहे, तिथून बाबासाहेब सुरुवात करतात आणि लगेच थांबून सांगतात की याचा अर्थ परिस्थितीपुढे मान तुकवणे असा करू नका. बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटलेले नाही. दुःख भोगणाऱ्याने आपली स्थिती बदलू नये, असेही तो कुठे म्हणालेला नाही. संपत्तीला त्याची ना नाही, आणि निमूट सोसण्याऐवजी त्याने वीर्य, म्हणजे नेटाचा प्रयत्न शिकवला. सोडायचा आहे तो लोभ, ज्याला अंत नाही असा.

गंमत अशी की टिळकांनी बौद्धांना ज्या पक्षात बसवले होते, तो पक्षच इथे कोसळतो. इच्छा जाळून निश्चेष्ट बसा, असे म्हणणारा बुद्ध बाबासाहेबांना मान्य नाही. प्रयत्नाच्या बाजूने टिळक आणि आंबेडकर दोघेही उभे आहेत. राजकारणात इतकी दूर असलेली माणसे या एका मुद्द्यावर इतकी जवळ येतात, हे आम्हाला दर वाचनात नवे वाटते.

मग फरक कुठे? पुढे त्या प्रकरणात बुद्ध आनंदाला एक साखळी समजावून सांगतो. तृष्णेपासून मिळवण्याची धडपड, त्यातून मिळकत, त्यातून मालकी, मालकीतून कृपणता, मग राखण, आणि राखणीतून काठ्या, शस्त्रे, भांडणे. वर्गकलहाचे हे अचूक विश्लेषण आहे, असे बाबासाहेब त्यावर म्हणतात. तृष्णा टिळकांकडे माणसाच्या आत सुरू होते आणि आतच तिचा बंदोबस्त होतो. बाबासाहेबांकडे ती आत सुरू होते आणि दुसऱ्याच्या डोक्यात काठी घालून थांबते. म्हणून ती सोडायची ती फक्त आपल्या झोपेसाठी नाही, शेजाऱ्यासाठीही. दुर्योधनाचा असंतोष का वाईट, याचे उत्तर इथे मिळते. तो वाळला म्हणून वाईट नव्हे. त्याच्या वाळण्याची किंमत द्रौपदीने भर सभेत मोजली.

याच कसोटीवर महाड घ्या. 1927 साली चवदार तळ्यावर जे लोक गेले त्यांना काय हवे होते? पाणी, आणि पाण्याला हात लावण्याचा माणूस म्हणून हक्क. त्या इच्छेने कुणाचे पाणी कमी झाले? तळे तेवढेच राहिले. ही महत्त्वाकांक्षाच होती, आणि तीही त्या काळाच्या मानाने प्रचंड. तिला समतोल राखण्याचा सल्ला त्या दिवशीही पुष्कळांनी दिला असेल.

बाबासाहेबांचे प्रकरणही आम्हाला पुरे पडत नाही, तेही सांगितले पाहिजे. लोभाला अंत नाही हे खरे. पण गरज कुठे संपते आणि लोभ कुठे सुरू होतो, ती रेघ त्यांनी ओढून दिलेली नाही. दुसरा फ्लॅट गरज की लोभ? मुलाला परदेशी पाठवण्यासाठी काढलेले कर्ज? ते प्रकरण इतके छोटे आहे की मन भरत नाही. ग्रंथ लिहिताना त्यांची प्रकृती ढासळली होती, वेळ थोडा होता, हे माहीत असूनही चुटपूट राहते.

आणि दोघांच्याही पुस्तकांत एक हिशेब नाही, तो आम्हाला वय वाढेल तसा जास्त दिसतो. कर्मयोग्याच्या घरातल्या माणसांचा. टिळक मंडालेत असताना 1912 साली इकडे पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. शेवटची भेट नाही. ग्रंथाचे हस्तलिखित तेव्हा पुरे झाले होते. आम्ही यात टिळकांना दोष देत नाही, शिक्षा सरकारने दिली होती. पण फळाची आशा सोडलेला माणूस आपल्यापुरते सोडतो. जी माणसे त्याची वाट पाहत असतात त्यांनी काही सोडायचे ठरवलेले नसते, त्यांच्याकडून ते सुटते. 'सुखदुःखविवेक' हे नाव असलेल्या प्रकरणात हे दुःख मोजायला एक परिच्छेद हवा होता. आज जो मुलगा म्हणतो की मी घरासाठीच राबतो, त्याच्या घराला एकदा तरी कुणी विचारावे.

यक्षप्रश्नांत सुखी कोण, असा प्रश्न आहे. युधिष्ठिराचे उत्तर साधे आहे. ज्याच्यावर कर्ज नाही, ज्याला परमुलखात राहावे लागत नाही, आणि जो आपल्या घरी, उशिरा का होईना, भाजीपाला शिजवून खातो, तो सुखी. हे व्याख्यान जे न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून ऐकत असतील त्यांना हे ऐकून थोडे हसू येईल, थोडे कसेसे होईल. गृहकर्जाचा हप्ता चालू, घर दूर. पण हे उत्तर देतो कोण? बारा वर्षे घराबाहेर असलेला, द्यूतात सगळे घालवलेला माणूस. सुख कशात आहे हे त्याला अगदी नेमके माहीत आहे, आणि तरीही पुढच्या दीड-दोन वर्षांत तो कुरुक्षेत्रावर उभा राहतो. आईचा निरोप त्याला पोचलेला असतो. घरी शिजवलेल्या भाजीचे सुख आणि विदुलेची गोष्ट, दोन्ही एकाच माणसाच्या पदरात व्यासांनी टाकली आहेत आणि त्यांची बेरीज करून दिलेली नाही.

पुढच्या वेळी येण्याआधी 'गीतारहस्या'चे पाचवे प्रकरण आणि बाबासाहेबांचे ते छोटे प्रकरण, दोन्ही लागोपाठ वाचून या. टिळकांची वाक्ये लांब आहेत, घाबरू नका, मोठ्याने वाचली की सुटतात. आणि ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता त्यांनी एक जास्तीचे काम करावे. आपल्याला जे हवे आहे ते एका कागदावर लिहावे आणि प्रत्येकापुढे एक नाव लिहावे, हे माप कुणी दिले त्याचे. कागद आम्हाला दाखवायची गरज नाही.